अंगणातला काता

"सर, हे नाच कवालोक चालन? आमच्या पोट्ट्याले मारामारी कवा शिकवसान?"

मैदानाच्या कडेला मोटारसायकल उभी करून एका बापानं मला हे विचारलं, तेव्हा नेरमधला माझा कराटेचा वर्ग सुरू होऊन चार महिने झाले होते. त्यांचा मुलगा पाचवीत होता. प्रश्न रास्त होता. कापसाच्या पैशातून फी भरली, पांढरा ड्रेस शिवून घेतला, आणि पोरगं चार महिने करतं काय, तर हवेत हात मारतं. समोर कोणी नाही. डावीकडे वळायचं, हात खाली झटकायचा, पाऊल टाकून ठोसा मारायचा. मागं वळायचं, पुन्हा तेच. चाळीस पोरं एकदम वळतात, चाळीस बाह्या एकदम फडकतात. लांबून बघणाऱ्याला ते पंधरा ऑगस्टच्या कवायतीसारखं वाटणार, नाहीतर नाचासारखं.

"भाऊ, दिवाळीपर्यंत थांबा," एवढंच मी म्हणालो. त्याहून चांगलं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं.

ते ज्याला नाच म्हणत होते त्याला काता म्हणतात. ठरलेल्या हालचाली, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या दिशांना, एकट्यानं करायच्या. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ साचा, नमुना असा होतो. मला मात्र आपला 'कित्ता' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. आमच्या लहानपणी गुरुजी पाटीवर अक्षर काढून द्यायचे आणि आम्ही ते पेन्सिल झिजेपर्यंत गिरवायचो. काता हा अंगाचा कित्ता आहे. गिरवून गिरवून अक्षराला वळण लागतं, तसं गुडघ्याला, कमरेला, नजरेला लागतं.

शोतोकान पद्धतीत पहिला काता हेयान शोदान. एकवीस मोजण्यांचा. नवव्या आणि सतराव्या मोजणीला किआई, म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. पावलांची वाट जमिनीवर काढली तर इंग्रजी आय अक्षरासारखी दिसते: वर एक आडवी रेघ, खाली एक, मधे उभी. मधल्या रेघेवरून पुढे जाताना तीन वेळा डोक्यावरचा वार अडवायचा, त्याला 'आगे-उके' म्हणतात. लहान पोरांना हा शब्द एका दमात पाठ होतो, कारण 'आगे' म्हणजे पुढे हे त्यांना हिंदीतून माहीत असतं आणि पाऊलही पुढेच पडत असतं. जपानीत त्याचा अर्थ 'वर उचलणं' असा आहे, हे मी त्यांना सहा महिन्यांनी सांगतो. आणि शेवटची एकविसावी मोजणी झाली, पाय मागं घेतला, की माणूस निघाला होता त्याच जागी परत उभा असतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल मला पुढे बरंच सांगायचं आहे.

मी स्वतः काता शिकलो तो अर्धा. नव्वदच्या दशकात मी नववीत होतो. आमचे सर दर रविवारी यवतमाळहून एसटीनं यायचे. नेर हे यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं तालुक्याचं गाव, गाड्यांची तशी अडचण नव्हती. पण त्या पावसाळ्यात सरांच्या घरी आजारपण आलं आणि त्यांचं येणं थांबलं. मला तोवर नऊ मोजण्या आल्या होत्या. मी दोन महिने रोज पहाटे नऊ मोजण्या करायचो, किआई द्यायचो आणि हात वर धरून तिथेच थांबायचो. पुढे काय, ते माहीत नव्हतं.

मग कुणीतरी नागपूरहून मासातोशी नाकायामा यांच्या 'बेस्ट कराटे' मालिकेतल्या पाचव्या भागाच्या झेरॉक्स आणून दिल्या. त्या भागात हेयान आणि तेक्की हे काता आहेत. फोटो काळपट, पानं तिरकी. त्यावरून मी दहावी मोजणी शिकलो आणि चुकीची शिकलो. नवव्या मोजणीनंतर डाव्या पायानं पाठीमागून पाऊण फेरा घेऊन उजवीकडच्या दिशेला तोंड करायचं असतं. फोटोत वळण दिसत नाही. वळायच्या आधीचा माणूस दिसतो आणि वळून झालेला दिसतो. मी जवळचा रस्ता धरला, सरळ उजवीकडे पाव फेरा वळलो आणि डावा पाय पुढे टाकला. फोटोतल्यासारखाच दिसत होतो. मला वाटलं, जमलं.

दिवाळीनंतर सर आले. मी मोठ्या उत्साहानं पूर्ण काता करून दाखवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता मी तुझ्या मागून येतो, तू वळ." मी माझ्या पद्धतीनं वळलो आणि त्यांचा हात माझ्या मानेवर आला. मग त्यांनी मला पाऊण फेरा वळायला लावलं. कंबर फिरली, डोकं आधी वळलं, डावा पाय मागून लांब जाऊन टेकला, आणि त्या फिरण्याचा सगळा जोर खाली झटकणाऱ्या हातात उतरला. सरांना मागं सरावं लागलं. पुस्तकाला चूक म्हणता येणार नाही. वळण माणसाकडूनच घ्यावं लागतं, हे मला त्या दिवशी मानेवरच्या हातानं कळलं.

हे काता मुळात शाळेतल्या पोरांसाठीच बांधले गेले आहेत, हे मला बऱ्याच उशिरा वाचायला मिळालं. ओकिनावा बेटावरचे आन्को इतोसु (1831-1915) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या शाळांमध्ये कराटे नेलं. तोवर ही विद्या एखाद-दुसऱ्या शिष्याला, घराच्या आड, बहुतेक रात्री दिली जायची. शाळेत एका मास्तरापुढे पन्नास-साठ पोरं. त्यांना काय द्यायचं? इतोसु यांनी पाच काता बांधले, सोप्यापासून अवघडाकडे जाणारे. तेव्हा त्यांचं नाव पिनान होतं. 1908 साली त्यांनी शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहून शाळेत कराटे का हवं ते मांडलं. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी (1868-1957) स्वतः शाळामास्तर होते. 1922 मध्ये ते टोकियोला प्रात्यक्षिकासाठी गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी पिनानचं हेयान केलं, आणि पहिल्या दोन कातांची अदलाबदल केली, कारण मूळचा दुसरा नवशिक्याला सोपा जात होता. अदलाबदलीमागचा विचार मला शंभर टक्के मास्तराचा वाटतो. आपल्याकडे पहिलीच्या पुस्तकात आधी कोणतं अक्षर द्यावं यावर माणसं जसा विचार करतात, तसाच.

फुनाकोशी आपल्या आत्मकथनात आन्को अझातो या दुसऱ्या गुरूंबद्दल सांगतात. रात्री कंदिलाच्या उजेडात अझातोंच्या घरच्या अंगणात सराव चाले. गुरू बसून बघत, आणि बहुतेक वेळा 'पुन्हा' एवढंच म्हणत. एकेक काता महिनोन्‌महिने. तेक्की नावाचे तीन काता शिकायला त्यांना दहा वर्षं लागली. तेक्कीत पुढे-मागे जाणं नाहीच, घोड्यावर बसल्यासारखी मांडी ठोकून फक्त डावी-उजवीकडे सरकायचं असतं. दहा वर्षं! आमच्याकडे तीन महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलला नाही, तर आईबाप दुसरा वर्ग शोधतात. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या अंगणाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भागातही हे सगळं परकं नव्हतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जाऊन आपले देशी खेळ दाखवले. वऱ्हाडातल्या गावागावांत आखाडे होते, लाठी-दांडपट्टा होता. एकदा आमच्या मैदानावर रोज फिरायला येणारे एक ऐंशीच्या घरातले काकाजी काठी टेकवून बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "हे पवित्रे हायेत." मी हो म्हटलं. त्यांनी काठी दोन्ही हातांत घेतली आणि जागच्या जागी लाठीचे चार हात करून दाखवले. पाचव्याला थांबले. पाय पुढे गेला होता, हात आठवत नव्हता. डोळे मिटून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा चौथ्यालाच थांबले. "पुढचं गेलं," म्हणाले. ज्यांच्याकडून शिकले ते नव्हते, बरोबरचे नव्हते. मी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

त्या दिवशी घरी जाऊन मी वही काढली आणि मला येणारे सगळे काता पावलांच्या खुणांसह लिहून ठेवले. त्याचा फारसा उपयोग नाही हे झेरॉक्सच्या अनुभवानं मला ठाऊक होतं. तरी लिहिले.

दिवाळीनंतर ते मोटारसायकलवाले वडील परत आले. या वेळी मी त्यांच्या मुलाला पुढे बोलावलं आणि जोडीदार दिला. गोहोन कुमिते, म्हणजे ठरवून केलेली पाच पावलांची झुंज. मारणारा आधी ओरडून सांगतो, 'जोदान', तोंडावर येतो आहे. मग पाच पावलं पुढे येत पाच ठोसे मारतो. अडवणारा पाच पावलं मागं जात पाचही अडवतो आणि शेवटी एक उलटा ठोसा देतो. सगळं ठरलेलं. कुठून येणार, कधी येणार, काय करायचं, सगळं माहीत. तरीही पहिल्या दिवशी प्रत्येक पोराचे डोळे मिटतात. येणाऱ्या ठोशाची भीती माहिती असण्यानं जात नाही. शंभरदा समोरून येऊ दिला की जाते. त्या पाचवीतल्या पोराचे डोळे त्या दिवशी उघडे होते. काताची तीच 'आगे-उके' त्यानं मागं जाता जाता पाचही वेळा वापरली, कपाळापासून एका मुठीच्या अंतरावर हात तिरका. समोरचा मुलगा डोक्यानं उंच होता. त्याचे ठोसे वर सरकून गेले.

वडील काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डवऱ्यासारखं हाये म्हना हे. धुऱ्यावर बैल फिरवता आले नाही, का तासातल्या पऱ्हाट्या मोडतेत. सरळ चालनं काय, कोनालेही येते."

मी आजवर ऐकलेलं काताचं सर्वांत चांगलं वर्णन हे आहे. हेयान शोदानमध्ये चुका होतात त्या वळणांवरच. सरळ जाताना कोणीही बरं दिसतं.

इतकं सगळं कळत असूनही मी मधे तीन वर्षं काता जवळजवळ सोडून दिला होता, हे मला इथे लिहिलं पाहिजे. स्पर्धांचे दिवस होते. कुमितेच्या वजनगटांत आमची पोरं चांगली खेळायला लागली होती, पेपरात फोटो यायचे, फोटो आला की पुढच्या महिन्यात दहा नवे प्रवेश व्हायचे. वेळ तेवढाच, सकाळचा दीड तास. मी कातासाठीचा अर्धा तास कुमितेला देऊन टाकला. पट्ट्याच्या परीक्षेपुरता काता आठवडाभर घोकून घ्यायचा आणि परीक्षा झाली की सोडून द्यायचा. ती नुसती घोकंपट्टी होती, आणि काताला घोकंपट्टी म्हणणाऱ्यांचं म्हणणं मीच त्या तीन वर्षांत खरं करून दाखवलं.

त्यातला एक मुलगा माझा फार लाडका होता. चपळ, निर्भय, दोनदा राज्यापर्यंत गेलेला. बारावीनंतर पुण्याकडे कंपनीत लागला, बारा तासांची पाळी, एका खोलीत सहा जण. चार-पाच महिन्यांनी त्याचा फोन आला. "सर, सराव सुटला. इथं जोडीदार नाही, मॅट नाही, काय करू?" मी म्हणालो, "काता कर." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मले पुरा येत नाही न."

सात वर्षं माझ्याकडे होता तो. मी त्याला दोन पदकं मिळवून दिली होती आणि एकट्यानं करता येईल असं काहीही दिलं नव्हतं. माझे स्वतःचे सर दोन महिने आले नाहीत, तेव्हा माझ्याजवळ निदान नऊ मोजण्या होत्या. त्या फोननंतर दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास परत काताला दिला. त्या वर्षी आमची पदकं कमी झाली.

मग 2020 चा मार्च आला आणि सगळंच थांबलं. मैदान बंद, शाळा बंद. मी मोबाईलवर वर्ग घ्यायचा प्रयत्न केला. तालुक्याच्या गावात रेंज होती, खेड्यांवर नव्हती, आणि निम्म्या घरांत एकच मोबाईल, तोही बापाबरोबर वावरात. जून उजाडेपर्यंत माझ्याकडे आठ पोरं उरली. खेड्यावरून येणाऱ्या पोरांचं मी मनातून सोडूनच दिलं होतं.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मी एका नात्यातल्या कामासाठी जवळच्या एका गावी गेलो होतो. तिथली एक मुलगी टाळेबंदीच्या आधी वर्षभर माझ्याकडे यायची, सायकलनं. आठवीत होती. शांत, रांगेत मागं उभी राहणारी. खरं सांगायचं तर माझं तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नव्हतं. संध्याकाळी परत निघताना तिच्या घरावरून गेलो. कुडाच्या आडोशानं पाहिलं तर अंगणात ती काता करत होती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, अनवाणी. अंगण शेणानं सारवलेलं, तुळशीपुढे सकाळची रांगोळी अर्धी पुसलेली. मी आवाज न देता थांबलो.

ती हेयान शोदान करत होती आणि चांगला करत होती. नुसता पाठ असलेला नाही, बसलेला. पाऊण फेऱ्याच्या वळणाला डोकं आधी, मग कंबर, मग हात. शेवटच्या चार शुतो-उके, तळहाताच्या कडेनं अडवायच्या, त्या मागच्या पायावर वजन ठेवून. पाय मागं घेतला आणि तिनं खाली पाहिलं. पायाशी रांगोळीचा एक ठिपका होता. तिच्या दोन्ही टाचा त्या ठिपक्यावर होत्या.

मी पुढे झालो. ती लाजली, वाकून नमस्कार केला, आत जाऊन आईला चहा टाकायला सांगून आली. मी विचारलं, हा ठिपका कशाला?

"सर, तुमी म्हनलं होतं न, जेथून निंगालो तेथीच याचं. म्या आधी करो तर ठिपक्याच्या अलीकडंच राहो, एक हात. रोज. मंग पाह्यलं तर जाताना माहे पाय मोठे पडत, येताना लहान."

मधल्या रेघेवर जाताना तीन पावलं, परत येताना तीन. ती तीन आणि ही तीन सारखी नसली तर माणूस घरी पोचत नाही. हा हिशेब मी वर्गात शंभरदा सांगितला असेन. पण मैदानावर मुरूम, चाळीस पोरं, कोण कुठून निघालं आणि कुठे थांबलं कोण बघतो? शेवटी सगळे थोडे सरकून रांग सरळ करतात आणि चूक पुसली जाते. तिच्या अंगणात रांग नव्हती.

"कोनी सांगतलं तुले, येतानाचे पाय लहान पडतात म्हणून?"

"कोनीच नाही सर. ठिपकाच सांगते न."

तिनं मला अंगण दाखवलं. सकाळी आई सारवायची, ते वाळत आलं की ही त्यावर एकदा काता करायची, मुद्दाम. ओलसर सारवणावर पावलांचे माग राहतात. पाऊल पुढे टाकताना ते आधी दुसऱ्या पायाजवळून येतं आणि मग बाहेर जातं, त्याचा अर्धचंद्र उमटतो. जातानाचे तिचे अर्धचंद्र लांब, स्वच्छ होते. येतानाचे आखूड आणि टोकाला खरवडलेले, कारण सतराव्या मोजणीची आरोळी जवळ आली की ती घाई करायची आणि मागच्या पायाची टाच उचलायची. हे तिनं स्वतः शोधलं होतं. वितीनं मोजून, रोज थोडं थोडं, जून ते ऑक्टोबर. आई रागावत नसे का, विचारलं. "रागावे. मंग पुन्हा मीच सारवो."

मी एवढी वर्षं शिकवतोय, पण मागच्या पायाची टाच का उचलली जाते हे मी इतक्या नेमकेपणानं कधी पाहिलं नव्हतं. परत येताना मी गाडी रस्त्याच्या कडेला लावून बराच वेळ थांबलो. अझातोंच्या अंगणात गुरू बसलेले होते. या अंगणात कोणी नव्हतं आणि तरी ती शिकली होती. काता ठरलेला असतो, त्यात आपल्या मनानं काही बदलायचं नसतं, याची मला तरुणपणी अडचण वाटायची. आता वाटतं, तो ठरलेला होता म्हणूनच तिला आपली चूक सापडली. रोज मनाला येईल तसं केलं असतं तर कुठलं पाऊल आखूड पडलं हे कशावरून ठरवणार?

काताचा उपयोग काय, हा प्रश्न मुलींच्या बाबतीत वेगळ्या धारेनं येतो. समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांचं. मी एका शाळेत ते घेतलं. पहिल्या वर्षी हौसेनं पंधरा-वीस डाव शिकवले: गळा धरला तर, केस धरले तर, मागून मिठी मारली तर. मुलींनी टाळ्या वाजवल्या, समारोपाला छान प्रात्यक्षिक झालं. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली एक बसस्टँडवर भेटली. तिथेच तिचं मनगट धरून मी म्हटलं, "सोडव." तिनं नुसता हात ओढला. सुटला नाही. पंधरा डावांपैकी एकही तिच्या हातात राहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी मी तीन महिने हेयान शोदानच्या पहिल्या पाच मोजण्या घेतल्या. त्यातली चौथी मोजणी मनगट सोडवण्याची आहे. तिसऱ्या मोजणीला उजवा हात खाली झटकला, समोरच्यानं तो धरला असं समजायचं. आता हात ओढायचा नाही. पुढचा पाय मागं घ्यायचा, म्हणजे सगळं अंग मागं येतं, आणि मूठ डाव्या कुशीजवळून वर, कानाजवळून गोल नेत हातोड्यासारखी खाली आणायची. धरणाऱ्याच्या अंगठ्याची बाजू कच्ची असते, मूठ फिरताना तिथून निसटते आणि उतरते ती त्याच्या हातावर किंवा गळ्याच्या हाडावर. मग लगेच पाचवी मोजणी, पाऊल आणि ठोसा. मुलींनी हे हवेत हजारदा केलं असेल. जोडीत, रोज वेगवेगळ्या हातांनी धरून घेऊन, आणखी काहीशेदा. बारीक चणीची एक सातवीतली मुलगी माझी पकड सोडवायची तेव्हा मला खरंच लागायचं.

शिकवताना मी त्यांना पहिले पंधरा दिवस अर्थ सांगितला नव्हता. आधी हालचाल अंगात जाऊ दिली. मग एके दिवशी मनगट धरलं. काताचा असा अर्थ उलगडण्याला बुंकाई म्हणतात, आणि तो क्षण मला या धंद्यातला सगळ्यात आवडतो. "अय्या, हे ते होतं!" असं पोरी ओरडतात. आपण जे रोज करत होतो त्यात हे दडलं होतं, हे हातांना आधी कळतं.

ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला कराटे होतं. पॅरिसला नंतर ते नव्हतं, त्यामुळे तेवढं एकदाच. 6 ऑगस्टला पुरुषांच्या काताची अंतिम लढत झाली आणि ओकिनावाच्या र्‍यो कियुना यांनी सुवर्णपदक घेतलं. पुढे आम्ही पाच-सहा जणांनी एका मोबाईलवर ती पाहिली, शाळेच्या व्हरांड्यात, बाहेर पाऊस. निप्पोन बुदोकानचं ते प्रचंड सभागृह प्रेक्षकांविना रिकामं आणि मधे एकटा माणूस. पदक घेताना त्यांच्या हातात आईचा फोटो होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. आमच्यातला एक छोटा म्हणाला, "सर, याच्यासमोर तर कोनीच नाही. मंग जिंकला कोनाले?" मी उत्तर द्यायच्या आधीच मागून ती अंगणवाली मुलगी म्हणाली, "पाह्य न, कोठी उभा होता अन् कोठी आला."

ती आता यवतमाळला कॉलेजात आहे. रविवारी येते, लहान पोरांचा वर्ग घेते. मैदानावर तिनं प्रत्येक पोरासाठी चुन्याचा ठिपका सुरू केला. चाळीस ठिपके घालायला वेळ लागतो, पण ती घालते. काता संपला की सरकून रांग सरळ करायची नाही, असा तिचा नियम आहे. जो जिथे थांबला तिथेच उभा राहतो. सकाळच्या उन्हात सगळी रांग वेडीवाकडी दिसते, आणि प्रत्येक पोरगं मान खाली घालून आपला ठिपका शोधत असतं. मग ती एकेकाजवळ जाऊन विचारते, कोणतं पाऊल?

गेल्या पावसाळ्यात चिखलात घसरून माझा डावा गुडघा दुखावला. दोन महिने मी उभ्यानं मोजण्याच म्हटल्या. बरं वाटल्यावर एका रविवारी पोरांसोबत रांगेत उभा राहून पूर्ण काता केला. पोरं खूश झाली. मला वाटलं, काही बिघडलेलं नाही.

ती जवळ आली आणि हळूच, पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "सर, खाली पाहा."

ठिपका माझ्या टाचांमागे एक वीत होता. परतीची तीन पावलं. त्यातली मधली, सोळाव्या मोजणीची, डावा पाय पुढे टाकायची. वजन त्या गुडघ्यावर घ्यायला अंग कचरत होतं आणि पाऊल आखडत होतं. मला दुखत नव्हतं. पण अंगाला भीती होती आणि ती मला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी मैदानावर गेलो. कोणी नव्हतं. चुन्याची पिशवी तिच्याकडे होती, म्हणून टाचेनं मुरुमात खूण केली, तीवर उभा राहिलो, वाकलो आणि मोठ्यानं पहिली मोजणी म्हणालो, "इच."